रॅम पुसून लावली की चालतो, पंधरा दिवसांनी पुन्हा बंद: जुन्या डेस्कटॉपमधला मेमरीचा दोष

बटण दाबले की पंखे फिरतात, हार्ड डिस्कचा आवाज येतो, पण स्क्रीन काळीच. कधी कॅबिनेटमधून लांब बीप येत राहतात. रॅमची पट्टी (स्टिक) काढली, खोडरबराने पुसली, परत लावली की मशीन सुरू. पंधरा दिवस ठीक जातात आणि एका सकाळी पुन्हा तेच. जी३१, जी४१ किंवा एच६१ चिपसेटच्या (मुख्य चिपांच्या संचाच्या) मदरबोर्डांचे असे डेस्कटॉप मुंबईत सोसायट्यांच्या ऑफिसांत, झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानांत, सीएंच्या कचेऱ्यांत आणि घरांतही अजून भरपूर आहेत. नवे मशीन घेणे दर वेळी शक्य नसते. डोंगलवर, म्हणजे पोर्टला लावायच्या परवान्याच्या चावीवर, चालणारे जुने मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर, पॅरलल पोर्टचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंवा एक्सपीवरच चालणारा एखादा हिशेबाचा प्रोग्रॅम त्या एका मशीनला बांधलेला असतो.

हा दोष पुसून सुटत नाही, कारण रॅम काढून लावताना एका दमात चार गोष्टी बदलतात. संपर्क घासला जातो. स्टिक स्लॉटमध्ये केसभर वेगळ्या जागी बसते. बोर्डावर दाब पडतो. आणि प्लग काढल्यामुळे एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, पूर्ण डिस्चार्ज होतो. या चारांपैकी नेमके कशाने मशीन सुरू झाले ते कळतच नाही, श्रेय मात्र खोडरबराला जाते. म्हणून पुढच्या वेळी मशीन अडले की लगेच रॅमला हात लावू नका. हा क्रम पाळा, आणि सुरू झाले की तिथेच थांबा:

१. भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा. कॅबिनेटचे पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा, पाच मिनिटे थांबा, मग प्लग लावून सुरू करा. एवढ्यानेच चालू झाले तर रॅमवरचा संशय बाजूला ठेवा. दोष बहुधा एसएमपीएसमध्ये किंवा बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांत) आहे.

२. पुन्हा प्लग काढा. स्टिक बाहेर न काढता तिच्या दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. आता चालू झाले तर स्टिक उसळते आहे: स्लॉटचा खटका सैल आहे किंवा बोर्ड वाकला आहे.

३. स्टिक काढा आणि न पुसता त्याच स्लॉटमध्ये परत बसवा.

४. न पुसता दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा.

५. पुसणे सगळ्यात शेवटी.

मशीन कोणत्या पायरीला सुरू झाले, त्या दिवशी हवा कशी होती, किती वाजले होते, हे एका कागदावर लिहून ठेवा. तीन-चार नोंदी झाल्या की दोषाची दिशा दिसू लागते.

हे करण्याआधी कॅबिनेटमध्ये बझर आहे का ते पाहा. असेंबल केलेल्या बऱ्याच मशीनमध्ये तो लावलेलाच नसतो, आणि बोर्ड ओरडतो आहे की गप्प आहे हे कळायला दुसरा सोपा मार्ग नाही. बोर्डावर ‘स्पीकर’ लिहिलेल्या चार पिनांवर तो बसतो आणि अगदी स्वस्त असतो. वरच्या पाचही पायऱ्यांनी मशीन सुरू झाले नाही, तर सगळ्या स्टिक काढून टाका आणि मशीन सुरू करा. रॅमशिवाय बोर्डाने बीप दिले, तर प्रोसेसर आणि बायोस (सुरुवातीला बोर्ड जागा करणारा प्रोग्रॅम) जिवंत आहेत आणि पुढचा शोध रॅम व स्लॉटपुरता उरतो. रॅम नसतानाही बोर्ड गप्प राहिला, तर रॅम बदलून काही होणार नाही. एसएमपीएस, बोर्ड आणि प्रोसेसर हे तीनच उरतात. अवॉर्ड बायोसवर थांबून थांबून येत राहणारे लांब बीप मेमरीचे असतात. एक लांब आणि दोन छोटे आले तर डिस्प्ले कार्ड पाहा. एएमआय बायोसवर तीन बीप मेमरीचे. एचपीच्या जुन्या ऑफिस-डेस्कटॉपवर पॉवरचा लाल दिवा पाच वेळा लुकलुकतो आणि सोबत पाच बीप येतात, तोही मेमरीचाच इशारा आहे.

डेटा आधी

रॅमवर संशय आहे तोवर त्या मशीनवर चेकडिस्क चालवू नका, विंडोज नव्याने टाकू नका, डीफ्रॅग करू नका, हिशेबाचा बॅकअपही त्याच मशीनवरून घेऊ नका. डिस्कवरची प्रत्येक गोष्ट रॅममधून जाते. तिथे एक बिट उलटला की चुकीचा डेटा बरोबर समजून परत डिस्कवर लिहिला जातो. चेकडिस्क तर फाइलींची रचनाच दुरुस्त करायला जाते. सदोष रॅमवर ती चांगल्या फाइलींची नोंदही बिघडवू शकते. हार्ड डिस्क काढा, साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या मशीनला जोडा आणि लागणाऱ्या फाइली तिथे उतरवून घ्या. एवढे झाले की मग निवांतपणे हवे तेवढे प्रयोग करा.

विंडोज टाकताना ‘फाइल करप्ट’ असा निरोप आला तर त्यातूनही खूण मिळते. दर वेळी वेगळ्या टक्क्याला अडत असेल तर रॅम तपासा. दर वेळी त्याच टक्क्याला, त्याच फाइलीवर अडत असेल तर पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडी खराब आहे.

दोष कधी येतो, त्यावरून तो कशाचा आहे

मुंबईत वेळेची ही नोंद फार कामाची आहे, कारण इथे मशीन वर्षातून दोन अगदी वेगळ्या हवामानांत चालते.

पावसाळ्यात सकाळच्या पहिल्या स्टार्टला अडणे हे संपर्काच्या दोषाचे नेहमीचे लक्षण. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि माहीम, वरळी, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या भागांत हवेत मीठही असते. स्टिकच्या खालच्या कडेवर जी सोनेरी बोटे दिसतात त्यांवरचा सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, स्वस्त स्टिकवर तर नावापुरताच. त्या थरातल्या सूक्ष्म छिद्रांतून दमट, खारट हवा खालच्या निकेल-तांब्यापर्यंत पोचते आणि गंजाचा पापुद्रा वर येतो. खोडरबराने तो पापुद्रा निघतो, पण सोबत थोडे सोनेही निघते. म्हणूनच पहिल्यांदा पुसल्यावर सहा महिने चाललेली स्टिक पुढे महिन्याने आणि मग पंधरवड्याने अडू लागते. इथवर पोचलेल्या स्टिकच्या बोटांवर भिंगातून लालसर किंवा काळपट ठिपके दिसतात. ती स्टिक आता बदलायची.

संपर्काच्या दोषात बहुतेकदा बीप ऐकू येतात, किंवा मशीन सुरू होते पण ४ जीबीऐवजी २ जीबीच दिसते, म्हणजे दोनपैकी एकच स्टिक जागी झालेली असते.

याच्या अगदी जवळ दिसणारा दुसरा दोष म्हणजे थकलेले कपॅसिटर. सकाळी बटण दाबले की पंखा अर्धा फेरा फिरून थांबतो, दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो, बीप येत नाही, आणि एकदा चालू झाले की दिवसभर तक्रार नाही. लोक याही वेळी रॅम काढून लावतात आणि तेवढ्या खटपटीत मशीन सुरू होते. रॅम स्लॉटच्या बाजूचे आणि प्रोसेसरभोवतीचे दंडगोल कपॅसिटर टॉर्च लावून पाहा. डोके सपाट हवे. फुगलेले डोके, वरच्या खाचेतून आलेली तपकिरी खपली किंवा बुडाशी पसरलेला चिकट डाग दिसला, तर बोर्ड दुरुस्तीला न्या. बदलताना तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टेजचा, १०५ अंशांचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लागतो. साधा कपॅसिटर तिथे फार दिवस टिकत नाही.

एसएमपीएस मल्टिमीटरने तपासता येतो, पण मशीन चालू असताना, भार असताना. १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६, पाच व्होल्टच्या लाल वायरवर ४.७५ ते ५.२५, आणि ३.३ व्होल्टच्या नारिंगी वायरवर ३.१४ ते ३.४७ यांच्या आत आकडा हवा. बाहेर असेल तर निकाल लागला. आत असेल तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण आतल्या थकलेल्या कपॅसिटरमुळे व्होल्टेजमध्ये येणारी झपाट्याची लहर मल्टिमीटर दाखवत नाही. दुसरा खात्रीचा एसएमपीएस आठवडाभर लावून पाहणे हीच खरी चाचणी. शेजारच्या चांगल्या मशीनचा काढून लावलात तरी चालेल.

मे महिन्यात दुपारी, तास-दीड तास काम झाल्यावर निळी स्क्रीन येत असेल तर उष्णतेकडे पाहा. एलजीए ७७५ सॉकेटच्या बोर्डांवर, म्हणजे जी३१ आणि जी४१ वर, मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नसून नॉर्थब्रिज चिपमध्ये असतो. त्या चिपवरच्या छोट्या हीटसिंकखालची पेस्ट इतक्या वर्षांत वाळून खडखडीत झालेली असते आणि मेमरीचे एरर तिथून येतात. दार असलेल्या कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटमध्ये हे हमखास होते. कॅबिनेटची बाजू उघडून टेबलफॅनचा झोत आत सोडा. तासाने येणारा दोष तीन तासांनी येऊ लागला, तर नॉर्थब्रिज आणि प्रोसेसर दोन्हींची पेस्ट बदला.

कोणत्याही वेळी, कोणत्याही प्रोग्रॅममध्ये, दर वेळी वेगळ्या नावाने निळी स्क्रीन येणे हे स्टिकमधली एखादी चिप गेल्याचे लक्षण. ‘मेमरी मॅनेजमेंट’, ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ‘पीएफएन लिस्ट करप्ट’ अशी नावे आलटून पालटून येतात. दर वेळी एकच नाव आणि त्याखाली एकाच ड्रायव्हरची फाइल दिसत असेल तर तो ड्रायव्हर काढून पाहा. ‘कर्नल डेटा इनपेज एरर’ आला तर रॅमच्या आधी हार्ड डिस्क आणि तिची साटा केबल तपासा. स्क्रीन वाचण्याआधीच मशीन रीस्टार्ट होत असेल तर सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अॅडव्हान्स्ड, मग स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथला ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’चा टिक काढा.

साफ करायचे तर एकदाच, नीट

प्लग काढून, पॉवर बटण दाबून धरून, बोर्डावरचा स्टँडबायचा हिरवा दिवा विझल्याशिवाय रॅमला हात लावू नका. आधी कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात टेकवा. आधी धूळ ब्लोअरने किंवा ब्रशने काढा, नाहीतर तीच स्लॉटमध्ये जाते. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा.

बोटे पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. लॅमिंग्टन रोडला सोल्डरिंगचे सामान विकणाऱ्या दुकानांत ‘आयपीए’ म्हणून मागितले की मिळते. धागे न सुटणाऱ्या कापडावर दोन-चार थेंब घेऊन चिप्सकडून कडेकडे, एकाच दिशेने, दोन्ही बाजू पुसा आणि पाच मिनिटे वाळू द्या. खोडरबर वापरायचाच तर पांढरा, मऊ प्लास्टिकचा, आणि तोही एकदाच. शाईचा खरखरीत रबर सोने खरवडून काढतो. रबराचा भुगा झटकून नंतर अल्कोहोलने पुसणे विसरू नका, कारण स्लॉटमध्ये अडकलेला भुगा हा नवा दोष आहे. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक खातो.

स्लॉटकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, आणि पुसूनही परत येणारा दोष कितीदा तरी स्लॉटमध्येच असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे नळी लावून थोडा मारा आणि पंख्याखाली वीस मिनिटे उघडे ठेवा. स्टिक तीन-चार वेळा आत-बाहेर केली की स्लॉटच्या पिना आपोआप घासल्या जातात. टाचणी, दातकोरणे, कापड गुंडाळलेले व्हिजिटिंग कार्ड यांपैकी काहीही आत घालू नका. एक पीन वाकली की तो स्लॉट गेला. टॉर्च तिरकी धरून पिनांची रांग पाहा. एखादी आत दबलेली किंवा काळी दिसली तर तो स्लॉट सोडून द्या.

स्टिक बसवताना खाच जुळवा आणि दोन्ही टोके एकाच वेळी दाबा. दोन्ही खटके आपणहून मिटले पाहिजेत. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण खाचेची जागा वेगळी असते आणि व्होल्टेजही वेगळे, १.८ आणि १.५. जोर लावून बसवायचा प्रयत्न झाला तर स्लॉट फुटतो. काही जी४१ बोर्डांवर दोन्ही प्रकारचे स्लॉट असतात. तिथेही एका वेळी एकाच प्रकारची रॅम लावायची.

त्याच बैठकीत बायोसची बॅटरी पाहा. सीआर२०३२ सेलचा आकडा २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. रोज सकाळी तारीख मागे जाणाऱ्या मशीनमध्ये मेमरीची सेटिंगही पुसली जाते, आणि काही बोर्ड त्यानंतर पहिल्या स्टार्टला अडखळतात. बॅटरी बदलल्यावर बायोसमध्ये ‘लोड ऑप्टिमाइज्ड डीफॉल्ट्स’ करून सेव्ह करा.

अदलाबदल आणि मेमटेस्ट

आता मुख्य काम. स्टिकच्या लेबलवर मार्करने ‘क’ आणि ‘ख’ लिहा. स्लॉटला बोर्डावर छापलेला क्रमांक असतोच. चार जोड्या होतात: क पहिल्या स्लॉटमध्ये, क दुसऱ्यात, ख पहिल्यात, ख दुसऱ्यात. पाचवी, दोन्ही एकत्र. प्रत्येक जोडीला मेमटेस्ट८६+ चालवा. हा प्रोग्रॅम फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होतो, विंडोजची गरज नाही. २०१३ ची ५.०१ ही आवृत्ती जुन्या बायोसच्या बोर्डांना पुरते; २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून पुढे जुना बायोस आणि यूईएफआय (नव्या बोर्डांवर बायोसच्या जागी असतो तो) दोन्ही चालतात. पेन ड्राइव्ह दिसत नसेल तर बायोसमध्ये लिगसी यूएसबी चालू करा आणि बूटच्या क्रमात ‘यूएसबी-एचडीडी’ निवडा. तरीही नाही तर सीडीवर लिहून वापरा.

जुन्या कोअर टू ड्युओवर ४ जीबीची एक फेरी तासाभराच्या आसपास चालते. निदान चार फेऱ्या द्या. दोष कधीमधीच येत असेल तर रात्रभर सोडा, आणि शक्य असेल तर ज्या हवेत तो येतो त्याच हवेत: उष्णतेचा संशय असेल तर कॅबिनेट बंद करून, दमटपणाचा असेल तर मशीन रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना. एक जरी एरर आला तरी ती जोडी नापास. ‘एकच आला, चालेल’ असे इथे नसते.

विंडोजमध्येही मेमरी डायग्नोस्टिक आहे. सुरू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा; निकाल इव्हेंट व्ह्युअरच्या सिस्टिम विभागात सापडतो. तिने एरर दाखवला तर तो खरा माना. तिने ‘ठीक’ म्हटले तर मात्र मेमटेस्ट तरीही चालवा.

निकाल असा वाचा. स्टिक क दोन्ही स्लॉटमध्ये नापास, ख दोन्हीत पास: क फेकून द्या. दोन्ही स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये नापास, दुसऱ्यात पास: स्लॉट खराब आहे, दुसऱ्यावर एकच मोठी स्टिक लावून काम चालवा. एकेकटी पास, एकत्र नापास: दोन स्टिकचे जमत नाही, किंवा बोर्डाला दोघींचा भार पेलवत नाही. तेव्हा बायोसमध्ये मेमरीचा वेग एक पायरी खाली आणा, १३३३ असेल तर १०६६, आणि कमांड रेट १टी असेल तर २टी करा. जुन्या मशीनवर या कमी वेगाचा फरक रोजच्या कामात जाणवत नाही. व्होल्टेज वाढवून जमवायच्या मागे लागू नका. डीडीआर३ चे १.५ व्होल्ट १.५७५ च्या पुढे नेणे जुन्या बोर्डावर शहाणपणाचे नाही. चारही जोड्या नापास, एररचे पत्ते (मेमरीतल्या जागा) दर वेळी वेगळे: रॅम सोडा, एसएमपीएस आणि बोर्ड बघा.

मेमटेस्टच्या स्क्रीनवर पत्त्यासोबत कोणता बिट चुकला तेही दिसते, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एरर एकाच छोट्या पट्ट्यातल्या पत्त्यांवर असतील तर चिपचा एक भाग गेला आहे. पत्ते सगळीकडे पसरलेले, पण चुकणारा बिट दर वेळी तोच असेल, तर एक डेटा-लाइन तुटते आहे: स्टिकच्या ६४ डेटा-बोटांपैकी एक मळलेले आहे, किंवा स्लॉटची एक पीन, किंवा प्रोसेसरच्या सॉकेटची. अशी स्टिक फेकण्याआधी बोटे आणि स्लॉट एकदा नीट साफ करून पुन्हा चाचणी घ्या. ती वाचण्याची बरीच शक्यता असते.

एच६१ आणि त्याच्या आसपासच्या बोर्डांवर आणखी एक जागा पाहायची असते. तिथे मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्येच आहे, त्यामुळे सॉकेटमधली वाकलेली पीन किंवा तिरका बसलेला कूलर एक अख्खा स्लॉट गायब करू शकतो. इंटेलच्या मूळ कूलरचे चार प्लास्टिकचे पुशपिन कालांतराने सैल होतात, एक कोपरा उचलला जातो आणि प्रोसेसरवरचा दाब असमान होतो. स्लॉट ‘मेला’ असे ठरवण्याआधी कूलर काढा, पिना भिंगातून पाहा, नवी पेस्ट लावा आणि चारही पुशपिन कर्णरेषेत, आलटून पालटून दाबून बसवा. बोर्ड नवा घेण्याचा खर्च यात अनेकदा टळतो.

मशीन बिघडलेले नाही, पण मेमरी कमी दिसते

८ जीबी लावली आणि विंडोज सव्वातीन दाखवते, तर विंडोज ३२-बिट आहे. ४ जीबीच्या वर तिला वापरता येत नाही, आणि त्यातलाही काही पत्ता डिस्प्ले व इतर हार्डवेअर घेते. ६४-बिट विंडोज असूनही कमी दिसत असेल तर एमएसकॉन्फिग उघडा, बूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, आणि ‘मॅक्सिमम मेमरी’चा टिक काढा, मशीन फास्ट करण्याच्या नादात कोणीतरी तो लावून ठेवलेला असतो. बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ असेल तर चालू करा. ऑनबोर्ड डिस्प्लेला किती मेमरी दिली आहे तेही तिथेच दिसते. विंडोज ७ होम बेसिक ६४-बिट असली तरी ८ जीबीवर थांबते. जी३१ चिपसेटची मर्यादाच ४ जीबी आहे, तिथे यापुढचा प्रयत्न व्यर्थ.

नुसते हळू चालणे हा वेगळा विषय आहे. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर रॅम खराब नाही, पुरत नाही.

बदली स्टिक घेताना लेबल वाचा

लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत जुन्या मशीनमधून काढलेली रॅम सहज मिळते. जाताना जुनी स्टिक सोबत न्या आणि बोर्डचा मॉडेल क्रमांक लिहून न्या. लेबलवर साधारण असे छापलेले असते: ४जीबी २आरएक्स८ पीसी३-१०६००यू. पीसी३-१०६०० म्हणजे डीडीआर३ १३३३, पीसी३-१२८०० म्हणजे १६००, पीसी२-६४०० म्हणजे डीडीआर२ ८००. शेवटचे अक्षर ‘यू’ हवे. ‘आर’ असेल तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम आहे, घरगुती बोर्डावर चालणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. वेग बोर्डाच्या गरजेपेक्षा जास्त असला तर बिघडत नाही, ती खालच्या वेगाने चालते.

मधला ‘२आरएक्स८’ हा भाग जी४१ च्या मालकांनी डोळ्यांत तेल घालून वाचावा. ४ जीबीची स्टिक दोन प्रकारे बनते: २ गिगाबिटच्या सोळा चिप्स, किंवा ४ गिगाबिटच्या आठ. जी४१ ला ४ गिगाबिटची चिप वाचता येत नाही. म्हणून तिथे दोन्ही बाजूंना आठ-आठ चिप्स असलेली २आरएक्स८ च चालते. एका बाजूलाच चिप्स असलेली १आरएक्स८ लावली की मशीन एकतर सुरू होत नाही किंवा अर्धीच मेमरी दाखवते. पहिल्या पिढीच्या आय३-आय५ च्या एच५५ बोर्डांवरही हीच अडचण आहे. एच६१ वर ती नाही. आणखी एक फसवी जात ‘एक्स४’ चिप्सची, ऑनलाइन ‘फक्त एएमडीसाठी’ अशा बारीक अक्षरांत विकली जाणारी. इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही. स्टिक अगदी चांगली असूनही ‘खराब निघाली’ म्हणून परत जाणाऱ्यांत या दोन प्रकारांचा वाटा मोठा आहे.

जुन्या मालावर किती दिवसांची टेस्टिंग वॉरंटी आहे ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. घरी आल्यावर सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये एसपीडीच्या (स्टिकमध्येच साठवलेल्या माहितीच्या) पानावर कंपनी, पार्ट नंबर आणि बनवल्याचा आठवडा-वर्ष दिसते; ते लेबलशी जुळते का बघा. लेबल बदललेली स्टिक इथे पकडली जाते. त्याच रात्री मेमटेस्ट लावून झोपा. एरर आला तर स्क्रीनचा फोटो काढा, लेबलचाही काढा, आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही दाखवून बदलून मागा. बदली मिळालेल्या स्टिकवर शेवटचा ‘यू’, आणि बोर्ड जी४१ किंवा एच५५ असेल तर २आरएक्स८ही, आहे ना, हे दुकानातच वाचून घ्या.